सायमनच्या होडीचा मी केलेला शेवट

शुद्धलेखनाच्या चुका होतील आणि अक्षर तर वाईटच आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीत संपली. त्यानंतर हातात पेन आलं ते वाण्याच्या यादीसाठी आणि कुठे सही करायची असली तर. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून चकवतात, आणि माझी ओळ डावीकडून निघून उजवीकडे पोचेपर्यंत उतरत जाते, जशी आमच्या बराकीपुढची गटार उतरायची. सईच्या गेल्या वर्षीच्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण वही कोणाच्या हाती लागलीच तर त्याने हसायच्या आधी एवढं वाचावं, म्हणून माफी सगळ्यात वर घातली.

लिहायला बसवलं तेही सईनेच. सई माझी नात. आम्ही बदलापूरला सातव्या मजल्यावर राहतो आणि ती यंदा दहावीला आहे, इंग्रजी शाळेत. परवा तिने पुस्तक कोचावर आपटलं आणि म्हणाली, "आजी, हे लिटरेचर कोणाला पाहिजे यार? ग्रामर ठीक आहे, इंटरव्ह्यूला लागतं. पण कोणीतरी मेलेला माणूस झाडाकडे बघून काय म्हणाला ते मी का पाठ करू?" तासाभराने ताट वाढून आणलं तर ही त्याच पुस्तकात डोकं घालून बसलेली, नाक लाल, पोळी गार. "काय झालं गं?" म्हटलं, तर म्हणे, "काही नाही, ॲलर्जी आहे." मी स्वयंपाकघरात जाऊन हसून घेतलं. शालन आणि मंदा, माझ्या पोरवयातल्या मैत्रिणी, दोघी मला एकाच पोरीत दिसल्या.

आम्ही तेव्हा उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये बराकीतल्या एका खोलीत राहायचो. लांबच लांब बराक, मध्ये भिंती घालून पाडलेल्या खोल्या, आणि भिंती छपरापर्यंत पोचलेल्या नाहीत. त्यामुळे पलीकडच्या सिंधी घरात पापड भाजला की वास आमच्याकडे यायचा, आणि आमच्याकडे मिरची परतली की शिंका त्यांच्याकडे. सकाळी वडील अंबरनाथला कारखान्यात जायचे, डब्यात भाकरी आणि लसणाची चटणी. आईला दम्याचा त्रास होता. पाणी भरणं, दळण आणणं तिच्याने होईना, म्हणून चौथीनंतर मी घरी राहिले. कोणी जुलूम केला असं नाही. एक दिवस आई म्हणाली, "उद्या राहा घरी," आणि तो उद्या संपलाच नाही. मी काही विचारलंही नाही. मला बोलायचीच भीती वाटायची. दुकानात गेले तरी माझ्यामागून आलेली तीन माणसं सामान घेऊन जायची, तेव्हा वाण्याला दिसायचं की ही पण उभी आहे.

दुपारी दोनच्या सुमारास कॅम्प दोनमधून सायकलवर बंडल यायचं. शिवून झालेल्या जीनच्या पँटी. शिवणीच्या टोकाला, खिशाच्या कोपऱ्याला, चेनच्या खाली, पट्टा ओवायच्या फाशांना धागे लोंबत असतात, ते साफ कापून द्यायचे. एका नगाला ठरलेले पैसे. हातात दोन बोटांचा कटर, मांडीवर पँट, आणि अर्ध्या तासात बोटं निळी. तो रंग साबणाने जायचा नाही. मी भाकरी थापली की तिच्यावर निळी बोटं उमटायची. आई म्हणायची, "आज परत देवाने हात लावला वाटतं भाकरीला."

कापायला आम्ही तिघी बसायचो. शालन शेजारच्या बराकीतली. उंच, दणकट, तोंडाने फटकळ. मंदा आमच्या रांगेतली शेवटची खोली. बारीक, चष्मा, वर्गात पहिली-दुसरी. दोघी दहावीला होत्या, मराठी शाळेत, सकाळची शाळा. घरी बसून अभ्यास करायला जागा नाही आणि धागे कापल्याशिवाय घरचे अभ्यासाला सोडत नाहीत, म्हणून आम्ही एक रीत पाडली होती. कोणी पाडली ते आठवत नाही. एकीने मोठ्याने वाचायचं, आणि वाचणारीच्या वाट्याचे नग बाकीच्या दोघींनी भरायचे. बंडल गेलं की तिघींना पैसे सारखे. मला इंग्लिश येत नसल्याने माझी वाचायची पाळी कधी यायचीच नाही. म्हणजे मी कायम कोणाचे तरी नग भरत होते. आई म्हणायची, "विमल, तुला खुळी करतात गं त्या." मला तसं वाटलं नाही. मंदा एक वाक्य इंग्लिशमध्ये वाचायची, मग मराठीत सांगायची. हात खाली चालू, आणि मी कुठल्या कुठे. दोन नगांत एक कविता, सहा नगांत एक धडा. सिनेमाला याहून जास्त पैसे पडायचे.

मंदाला इंग्लिशचं पुस्तक म्हणजे जीव की प्राण. कविता वाचताना तिचा आवाज बदलायचा, देवळात बोलल्यासारखा. शालनला त्याचाच राग.

एक कविता होती, त्यात एक माणूस खिडकीशी बसून उन्हाळ्याची वाट बघतो. मंदाने अर्थ सांगितला आणि शालनने कटर खाली ठेवला. "काय म्हणतो? उन्हाळा यावा? ह्याला आण म्हणावं इकडे. मे महिन्यात ह्या पत्र्याखाली बसव. मग करू दे कविता."

"अगं, तिकडे थंडी असते."

"मग तिकडच्या पोरींना शिकवा ना! आम्हाला कशाला? इंग्लिशच्या सामंतबाई तर म्हणतात, कविता समजली नाही तरी चालेल, मनात उतरली पाहिजे. माझ्या मनात जागा नाही. तिथे भूमिती पडली आहे आडवी."

"तुला मार्क नकोत?"

"मार्क पाहिजेत. कविता नको. मला नर्स व्हायचंय. पेशंटला ताप आला तर मी काय त्याला उन्हाळ्याची कविता म्हणून दाखवू?"

मी हसले की दोघी माझ्याकडे वळायच्या. "विमे, तू सांग. तुला काय वाटतं?" मला सगळंच आवडायचं, पण तसं म्हटलं तर शालन चिडली असती, म्हणून मी मान खाली घालून धागा शोधायची. खरं सांगायचं तर शालनचंही मला पटायचं. मंदा पुस्तकाच्या पाया पडायची, शालन त्याच्याशी भांडायची. पण भांडायची म्हणजे ऐकायची तर खरी. आता वाटतं, दोघींपैकी पुस्तकाला जास्त ओळखत होती ती शालनच. बाहेर मात्र ती हेच सांगायची की तिचं आणि इंग्लिशचं पटत नाही. आणि तिला ते पास होणं सगळ्यात गरजेचं होतं. नर्सिंगला दहावी पास लागायची. तिचे वडील, आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, स्वभावाने वाईट नव्हते, पण शब्दाचे कडक. त्यांनी सांगून ठेवलं होतं, "एकदाच. पास झालीस तर पुढे. नाही झालीस तर तुझ्या आत्याने कर्जतचं स्थळ आणलंय, ते बघू."

धड्यांमध्ये एक गोष्ट होती. सायमन नावाचा म्हातारा नावाडी. नदीच्या काठी झोपडी, एक जुनी होडी, लोकांना ह्या काठावरून त्या काठावर सोडून पोट भरणारा. मग वरच्या अंगाला पूल होतो. बँड वाजतो, साहेब येतो, लोक पुलावरून जायला लागतात आणि सायमनच्या घाटावर कोणी फिरकत नाही. तो रोज होडी धुतो, रोज वाट बघतो. एका संध्याकाळी पलीकडून एका मुलीची हाक येते, "सायमन, होडी आण!" मंदाने इथवर वाचलं आणि बंडल न्यायला माणूस आला. "उद्या," म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिला कांजिण्या निघाल्या. तिच्या आईने दाराला कडुलिंब बांधला आणि पुस्तकासकट मंदा आत.

शालनचं पुस्तक जुन्या बाजारातलं होतं. मागची पानं गेलेली. सायमनला हाक येते त्याच पानावर ते संपत होतं.

चार दिवस आम्ही दोघीच कापत बसलो, मुकाट. पाचव्या दिवशी शालन म्हणाली, "विमे, त्या नावाड्याचं पुढे काय झालं गं? तुला मंदीने सांगितलं असेल." तिने माझ्याकडे बघून विचारलं. मला आयुष्यात तोवर पुढे काय झालं असं कोणीही विचारलं नव्हतं. माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. पण मी त्या चार दिवसांत सायमनला सोडलं नव्हतं. पाणी भरताना, दळण आणताना तो माझ्याबरोबर असायचा. तो असा बसून राहील हे मला मान्यच नव्हतं. मी पँट उलटी केली, तिच्यात तोंड लपवल्यासारखं केलं आणि सांगायला लागले.

सायमनने होडी नेली. पलीकडे एक गवळ्याची पोर, डोक्यावर दुधाची कासंडी. "पुलावरून का नाही गेलीस?" तो विचारतो. ती म्हणते, "पुलावर नाका बसवलाय. दर खेपेला पैसे घेतात. दुधाचे पैसे नाक्यालाच जातात." सायमन तिला फुकट सोडतो. दुसऱ्या दिवशी ती आणखी दोघींना आणते. मग कोळणी येतात, भाजीवाल्या येतात, डोक्यावर ओझं असणारं सगळं माणूस सायमनच्या घाटावर येतं. पुलावरून फक्त गाडीवाले जातात. आणि ज्या साहेबाने पुलाची फीत कापली, त्याच्या घरचं दूधसुद्धा सायमनच्या होडीतून जातं.

शालनचा कटर थांबला होता. "ह्याला म्हणतात गोष्ट," ती म्हणाली. "अख्ख्या पुस्तकात एवढीच एक शहाण्या माणसाने लिहिली आहे."

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मंदा बरी होऊन आली तोवर पुढचे धडे सुरू झाले, आणि सायमनकडे परत कोणी गेलं नाही.

इंग्लिशचा पेपर झाला त्या दिवशी दोघी उन्हातून चालत आल्या. शालन लांबूनच हात उडवत होती. "विमे! पुरवणी घेतली! जन्मात पहिल्यांदा इंग्लिशला पुरवणी घेतली! सायमनचा शेवट आला होता, आपल्या शब्दांत लिहा. पानभर लिहिलं. नाक्याला इंग्लिशमध्ये काय म्हणतात ते आठवेना, तर सरळ नाका लिहिलं. समजेल की तपासणाऱ्याला."

मंदा म्हणाली, "कुठला नाका?"

शालनने सांगितलं. मंदाचा चेहरा उतरत गेला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "शाले, पुस्तकात पलीकडे कोणीच नसतं. त्याला नुसता भास होतो. तो होडी सोडून देतो पाण्यात आणि पुलावरून चालत निघून जातो."

माझ्या हातात पाण्याची कळशी होती. ती मी खाली ठेवली नाही, घेऊन तशीच घरात गेले.

निकाल लागला. मंदाला शाळेत दुसरा नंबर. शालन सगळ्यात पास, इंग्लिशला सहा मार्कांनी गेली. सायमनचा प्रश्न आठ मार्कांचा होता. हा हिशोब मला कोणी करून दाखवला नाही, माझा मीच केला, चौथीपर्यंतचं गणित पुरलं. त्या दुपारी शालन नळावर एकटी कपडे आपटत होती. मी जाऊन उभी राहिले. शेवटी म्हटलं, "शाले, तो शेवट मंदाने नव्हता सांगितला. मी बनवला."

तिने वर बघितलं. "तू बनवलास?"

"हो."

वाटलं, ओला सदरा येतो आता तोंडावर. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती म्हणाली, "मेले, मग एवढा चांगला कशाला बनवलास? वाईट बनवला असतास तर माझ्या लक्षात तरी राहिला नसता."

ह्या वाक्याने मला आयुष्यभर पुरेल एवढं रडवलंही आणि उभंही केलं. तेव्हा मात्र एवढंच कळलं की ऑक्टोबरला परत परीक्षा असते, तिचा फॉर्म भरायला फी लागते, आणि भाऊ ती देणार नाहीत. त्यांनी आत्याला निरोप पाठवला होता.

दुसऱ्या दिवशी मी कॅम्प दोनला गेले. पायी, रूळ ओलांडून, एकटी. त्याआधी तिकडे एकटी कधी गेले नव्हते. आमची बंडलं लछमीदादीकडून यायची. दादी म्हणजे सिंधीत थोरली बहीण, पण त्या बाजारात ती लहानथोर सगळ्यांचीच दादी. तिचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन्ही बाजूंना शिलाईची मशीनं, आणि आवाज असा की भिंतीसुद्धा थरथरत होत्या. दादी दाराशी खाटेवर बसून नग मोजत होती. मी समोर जाऊन बोलले. तिने कानाला हात लावला.

"क्या?"

मी परत बोलले.

"जोर से बोल ना! मशीन चल रहा है!"

मी आणखी थोडं मोठ्याने म्हटलं.

"अरे, पेट में दाना नहीं है क्या? चिल्ला!"

मी डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा जीव काढून ओरडले, "इंग्लिश के लिए पैसा चाहिए!" आणि नेमके त्याच क्षणी दिवे गेले. सगळी मशीनं एकदम गप्प. माझं इंग्लिश आणि माझा पैसा त्या शांततेत खोलीच्या त्या टोकापर्यंत जाऊन परत आले. सगळे कारागीर माना वळवून बघत होते. कोणीतरी म्हणालं, "मेमसाब आली रे!" आणि हशा पिकला.

मी पळाले नाही. का पळाले नाही ते मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक ओरडून झाल्यावर आणखी वाईट व्हायचं काही उरलं नव्हतं.

दादीने त्यांना गप्प केलं आणि मला खाटेवर बसवलं. सिंधी घरात आलेल्या माणसाला पापड आणि पाणी दिल्याशिवाय बोलत नाहीत, तसं तिने दिलं. "अब बोल. तू इंग्लिश पढ़ेगी?"

"मी नाही. शालन. ती फेल झाली."

"फेल वो, और पैसा तू देगी? क्यों?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. सायमन, होडी, पूल, मंदाच्या कांजिण्या, गेलेली पानं. माझं हिंदी मोडकं, पण दिवे नव्हते, त्यामुळे खोलीभर ऐकू जात होतं, आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की सगळेच ऐकताहेत. पुस्तकातला शेवट सांगितला, मग माझा. दादी पापडाचा तुकडा हातात धरून बसली होती.

"ये किताबवाला पागल है," ती म्हणाली. "नाव छोड़ दी तो खाएगा क्या? हम सिंध से आए तब क्या था हाथ में? एक सुई थी. वो भी छोड़ देते? तेरा वाला ठीक है. धंधे की समझ है." मग माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "लेकिन पुट," पुट म्हणजे बाळा, "अगली बार बताके बनाना."

तिने फीचे पैसे दिले, वर शेवटची पानं असलेल्या पुस्तकाचे दिले. फिटेपर्यंत माझ्या वाट्याच्या नगांचे पैसे तिच्याकडेच राहायचे, असं ठरलं. लिहून वगैरे काही घेतलं नाही.

मंदाने शाळेत फी भरली आणि पावती माझ्या हातात दिली. "तूच दे भाऊंना," म्हणाली. भाऊ दारात बसून जोड्याला तेल लावत होते. मी पावती पुढे केली.

"हे काय?"

"शालनच्या फॉर्मची फी. भरली."

"कोणी भरली?"

"मी."

"तू?" ते हसले. "तू कुठे शाळेत आहेस गं?"

"शाळेत नाही, म्हणून तर माझ्याकडे पैसे आहेत."

आतून शालनच्या आईला ठसका लागला. भाऊंनी जोडा खाली ठेवला. मी थांबले असते तर पुढचं कधीच बोलले नसते, म्हणून थांबले नाही. "भाऊ, शालन नापास झालेली नाही. मी तिला चुकीचं सांगितलं, ते तिने लिहिलं. नापास झाले ती मी. एकदाच म्हणालात ना? मग तिची एकदाची पाळी अजून व्हायची आहे."

त्यांनी पावती घेऊन उलटसुलट बघितली. मग आत हाक मारली, "शालन! आत्याला सांगायचं ऑक्टोबरनंतर बघू. आणि ह्या पोरीला चहा दे. चौथी शिकली आणि दहावीला नापास झाली म्हणते. पाणी पाजून पाठवू नका नुसतं."

माझ्या आईला कळल्यावर तिने अर्थातच बोलून घेतलं. "फिटेपर्यंत तुझ्या ताटात तूप नाही," म्हणाली. तूप आमच्या घरात कोणाच्याच ताटात नव्हतं, म्हणून ती शिक्षा मी आनंदाने भोगली.

त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले चांगले महिने. आता रोज शालनच वाचायची, आणि तिचे नग मी आणि मंदा भरायचो. मंदा अकरावीला जायला लागली होती, अंबरनाथच्या कॉलेजात, तरी तिसऱ्या प्रहरी येऊन बसायची. मी एकच अट घातली होती. कुठलाही धडा अर्ध्यावर सोडायचा नाही. बंडलवाला आला तर त्याला बसवून ठेवायचं. त्यालाही मग सवय लागली. सायकल भिंतीला टेकवून तो चौकटीत बसायचा आणि विचारायचा, "आज कौन मरा?" कारण मंदा म्हणायची त्याप्रमाणे, त्या पुस्तकात कोणीतरी मरायचंच.

शालनचं आणि इंग्लिशचं प्रेम जुळलं असं मात्र नाही. उन्हाळ्याच्या कवितेला ती शेवटपर्यंत शिव्या देत होती. पण सायमनचा खरा शेवट तिने पहिल्यांदा नीट वाचला त्या दिवशी तिने पुस्तक बाजूला सारलं. मला वाटलं, आवडला नाही. मग म्हणाली, "विमे, भाऊ जोड्याला तेल लावत असतात ना, तसा दिसतो गं हा, होडी धुताना." मंदाने चष्मा काढून पुसला. मनात उतरणं म्हणजे हेच, असं सामंतबाई म्हणत असतील का, असं मला वाटून गेलं. पण बाईंना मी कधी बघितलंच नाही.

ऑक्टोबरला शालन सुटली. पस्तीस लागायचे, तिला एक्केचाळीस मिळाले. आत्याचं स्थळ दुसरीकडे जमलं होतं. नर्सिंगचा अर्ज गेला, बोलावणं आलं. पुढे ती सरकारी दवाखान्यात लागली, तिथूनच निवृत्त झाली, आता अंबरनाथला असते. रविवारी येते. मागच्या रविवारी सईने तिला विचारलं, "शालनआजी, तुम्हाला लिटरेचर आवडायचं?" तर म्हणाली, "छे गं. भांडायला बरं असतं."

पण हे नंतरचं. तिला निकाल मिळाला तरी माझे नग बाकी होते. एकदा तिने स्टायपेंड मिळेल तेव्हा बाकीचे मी भरते म्हणून बघितलं. मी नको म्हटलं. मला नको म्हणता येऊ लागलं होतं. शेवटचं बंडल आलं त्या दुपारी आम्ही तिघी बसलो. शालनला दुसऱ्या दिवशी होस्टेलला जायचं होतं. तिने पुस्तक उघडलं. "आज मी वाचते. माझे नग भरा."

"आता कशाला वाचतेस?" मंदा म्हणाली. "पास झालीस की."

"म्हणूनच."

तिने सायमन काढला. मी इतक्यांदा ऐकला होता की इंग्लिश येत नसूनही कुठे बँड वाजतो, कुठे होडी धुतो, ते मला नुसत्या आवाजावरून कळायचं. हाक आली. मग ती होडी सोडून देण्याची दोन वाक्यं आली, आणि धडा संपला. शालनने पुस्तक मिटून मांडीखाली ठेवलं आणि बोलतच राहिली. इंग्लिशमध्ये. अडखळत, मध्येच छपराकडे बघत. मी आधी गोंधळले. मग 'मिल्क' ऐकू आलं. मग 'ब्रिज'. मग 'नाका', अजूनही नाकाच. माझी गवळ्याची पोर इंग्लिशमध्ये बोलत होती. मागून कोळणी आल्या, भाजीवाल्या आल्या, एकेक करून होडीत बसल्या. साहेबाचं दूध नदीपार झालं. मंदा एरवी दर वाक्याला टोकायची, त्या दिवशी एकदाही टोकलं नाही. मी शेवटच्या पँटीच्या शेवटच्या फाशाचा धागा कापला आणि कटर खाली ठेवला.

ते बंडल मी सायकलवर दिलं नाही. डोक्यावर घेऊन स्वतः कॅम्प दोनला गेले. दादी खाटेवर बसली होती. तिने पापड-पाणी मागवलं, एकेक नग उलटून बघितला, मोजला, बाजूला ठेवला. आत सगळी मशीनं चालू होती. तरी मी माझ्या नेहमीच्या आवाजात विचारून बघितलं, "पूरा हुआ ना, दादी?"

तिला ऐकू गेलं.

"पूरा," ती म्हणाली.